पाच किलोचे खोटे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि मी सहा महिने सगळ्यांशी खोटे बोललो आहे. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नवा कोरा होतो. उभा लोखंडी खांब, पायाशी रबराची चटई, छातीच्या उंचीवर आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारे वजन. दांडीच्या टोकाला एक छोटा स्क्रू. मी चुकू लागलो की तो पिळून मला ताळ्यावर आणायचे. एका डॉक्टरबाईंनी दवाखाना थाटला आणि मला विकत घेतले. मला तपासायला वीस किलोचे शिक्का मारलेले वजनही सोबत आले होते. पुढे ते दार अडवायला वापरू लागले, आणि एकदा रंगकाम झाले त्यात ते कुठे गेले कोण जाणे.

मग कंपाउंडरकाकांनी युक्ती काढली. बाईंचे वजन वीस वर्षे अठ्ठावन्न किलो होते. "बाईंचं वजन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," काका म्हणत. दर सोमवारी दवाखाना उघडण्याआधी बाई माझ्यावर उभ्या राहत. काका वजन अठ्ठावन्नवर सरकवत आणि दांडी आडवी राहिली नाही तर स्क्रू पिळत. या शिस्तीचे येणारे-जाणारे कौतुक करत आणि मीही फुशारून जात असे.

बाई राब राब राबत. डबा बहुतेक दिवस न उघडताच घरी जाई. कोणी काही विचारले तर म्हणत, "मला काय धाड भरलीय?"

एका सोमवारी दांडी किंचित झुकली. "काटा म्हातारा झाला," असे म्हणून काकांनी स्क्रू पिळला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मित्रांनो, मला कळत होते. मी ठीक होतो, बाईच हलक्या होत चालल्या होत्या. पण मला तोंड कुठे आहे? एक दांडी, तीही काकांच्या हातात.

हळूहळू दवाखान्यात जो येईल त्याचे वजन वाढलेले निघू लागले. बाई एकेकाला फैलावर घेत. "जिभेला आवर घाला, जरा चालत जा." लोक मान खाली घालून ऐकत. इकडे बाई मात्र दर दोन पेशंटमागे ग्लासभर पाणी पीत होत्या. त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला नवे भोक काकांनीच पाडून दिले, तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग एके दिवशी पार्सल ऑफिसात तोलाई करणारा एक माणूस आला. मी सत्त्याहत्तर दाखवले. तो उतरायलाच तयार होईना.

"बाई, सकाळीच आमच्या काट्यावर उभा होतो. बहात्तर भरलो."

"आमचा काटा दर आठवड्याला तपासतो आम्ही," काका फणकारले.

"कशानं?"

"बाईंना उभं करून."

तो माणूस माझ्यावरून खाली उतरला. मग हळूच म्हणाला, "आणि बाईंना कोण तपासतं?"

त्याने ऑफिसातून वीस किलोचे वजन आणून माझ्यावर ठेवले. मी पंचवीस दाखवले. बाई पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"काका, इतकं पाणी पिणारा, पाच किलो उतरलेला माणूस आला असता तर मी काय सांगितलं असतं?"

"साखर तपासून घ्या म्हणून," काका म्हणाले. त्यांनीच बाईंच्या बोटातून रक्त घेतले. आकडा भलताच मोठा आला, तेव्हा त्यांनी यंत्र हलवून पाहिले. "हे यंत्रही बिघडलं असेल."

"नाही काका," बाई म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे."

त्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक पेशंटला बाईंनी परत बोलावले. एका आजोबांचे वजन टिकून आहे म्हणून त्या खूश होत्या. आजोबा खरे तर पाच किलोने उतरले होते. त्यांच्यावर वेळेत उपचार झाले म्हणून बरे, पण मला आजही लाज वाटते. बाईंनी त्यांची हात जोडून माफी मागितली. तेव्हा मला उमगले की स्वतःची हेळसांड करणारा डॉक्टर एकट्या स्वतःचेच नुकसान करत नाही.

बाई आता दुपारी एक वाजता दार लावून जेवतात. आठवड्यातून एक दिवस दवाखाना बंद असतो. दर तीन महिन्यांनी त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि रांगेत बसतात. या गोष्टीला चौदा वर्षे झाली. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, तरी सकाळी पेशंटला हाक मारताना त्यांचा आवाज खणखणीत असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांची काळजी वाहणारे, 'मला काय होतंय' म्हणणारे कोणीतरी असेल. त्यांचा हात धरून त्यांना एकदा काट्यावर उभे करा. मी हजारो माणसे तोलली आहेत. कधीच न बदलणारे त्यांत एकही निघाले नाही.