भावी कॅडेट, चाळीस बाय वीस

राष्ट्राचं भवितव्य तरुणांच्या डोळ्यांत दिसतं. हे वाक्य भरती कार्यालयाच्या जिन्यात, वाळूच्या लाल बादल्यांच्या बरोब्बर वर, पितळी अक्षरांत लावलेलं होतं आणि त्यावर वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मोठ्या चौकातल्या फलकावर मात्र हे भवितव्य एकाच डोळ्यात दिसायचं. दुसरा डोळा सिग्नलच्या खांबामागे गेला होता.

तो डोळा कॅप्टनचा होता. कॅप्टन म्हणजे मागच्या गल्लीतल्या फ्लेक्स बांधणाऱ्याची मुलगी. ती कॅप्टन नव्हती, साधी कॅडेटही नव्हती. अकादमीच्या निवड यादीत नंबर लागला त्या दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने "काय कॅप्टन!" अशी हाक मारली आणि ती हाक इस्त्रीसारखीच बसली. सरकारी भाषेत ती 'भावी कॅडेट' होती. निवड झाली, वैद्यकीय झाली, दात मोजून झाले. रुजू होण्याचं पत्र तेवढं यायचं होतं. ते गेले अकरा महिने यायचं होतं.

फोटो निवडीच्या आठवड्यातच काढलेला. कार्यालयाला जाहिरातीसाठी चेहरा हवा होता आणि ही समोर उभी होती. उसनी टोपी मोठी झाली, म्हणून मागून कपड्यांच्या चिमट्याने धरली. फोटोग्राफर म्हणाला, "दूर बघ. ध्येयाकडे." दूर पाण्याचा कूलर होता. सकाळी सहापासून तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. त्यामुळे चेहऱ्यावर जो निर्धार उमटला, तो पाहून कार्यालय थक्क झालं. खाली ओळ छापली : 'वाट कसली पाहताय? देश तुमची वाट पाहतोय!'

आणि तो चाळीस बाय वीस फुटांचा फ्लेक्स चौकातल्या सांगाड्यावर चढवायचं काम तिच्या बाबांकडेच आलं. बाबा गेली सव्वीस वर्षं होर्डिंगवर चढत होते. त्यांचा जोडीदार खालून दोर धरायचा, कारण त्याला उंचीची भीती वाटायची. ती वाटते हे त्याने नोकरी लागल्यावर सांगितलं होतं. धंद्याची रीत अशी की जुना फ्लेक्स उतरवत बसायचं नाही. नवा त्याच्या तोंडावर बांधायचा आणि मोकळं व्हायचं. पाच-सहा थर झाले की सगळे एकदम उतरवायचे, आणि ते मग घरी. त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू कशाची तरी जाहिरात करायची. स्कूटरवर टूथपेस्टचे बत्तीस दात पसरलेले असायचे. माळ्यावरच्या सामानाला एका बँकेने भरोशाचा हात दिला होता. आईच्या शिलाई मशीनवर एक अर्धा नेता हात जोडून होता. त्याला शिंप्याच्या कात्रीने मध्यभागी कापल्यामुळे तो जास्त नम्र दिसायचा.

झाकायची राहिली होती ती गच्चीवरची पाण्याची टाकी. तिचं झाकण वर्षापूर्वी तडकलं होतं. कावळे येऊन पाण्यात काय काय टाकून जात.

"एवढे फ्लेक्स येतात घरात, माझ्या टाकीला एक धड मिळेना," आई दर दोन दिवसांनी म्हणायची.

"जाड येऊ दे. पातळ टिकत नाही उन्हात," बाबा म्हणायचे.

"तुमचं जाड येईपर्यंत आपण कावळ्यांचं उष्टं पिऊ."

स्वतःला चाळीस फुटांत पाहायला नको म्हणून पहिल्या महिन्यात कॅप्टन चौक टाळून लांबून जायची. दुसऱ्या महिन्यात ती सिग्नलला मान वर करून बघायची. पाचव्या महिन्यापासून काहीच होईना. पहाटे साडेपाचला आठ किलोमीटर पळायचं, येताना चौकातून वळायचं, चाळीस दंड काढायचे, इतिहासाचं पुस्तक उघडायचं. सगळं वेळेवर. आत मात्र रंग दिल्यासारखं सपाट. वाईट वाटत नव्हतं. चांगलं वाटत नव्हतं. पाय पळत होते म्हणून ती त्यांच्याबरोबर जात होती.

ही गोष्ट कार्यालयाला कळून चालणार नव्हती. कारण प्रत्येक भावी कॅडेटला महिन्याच्या पहिल्या सोमवारी 'प्रेरणा पत्रक' भरून द्यावं लागे. 'ध्येय आठवताच छातीत काय होते? (एका शब्दात)' असा त्यात प्रश्न होता. पहिल्यांदा तिने 'धडधड' लिहिलं. पुढे 'धडधड, मागीलप्रमाणे'. शेवटी प्रेरणेला दहापैकी गुण द्यायचे. सहाच्या खाली आलं की जागा यादीतल्या पुढच्याला.

पत्रकं घेणारे कारकून म्हणजे प्रेरणासाहेब. वर्षभर सर्दी, गळ्यात मफलर, टेबलावर वाफेचं यंत्र. माणूस भला. बाराव्या पत्रकाच्या सोमवारी तिने विचारलं, "साहेब, माझं पत्र कुठं अडलंय?"

"अडलेलं नाही गं. थांबवलंय," ते म्हणाले आणि शिंकले.

"कुणी?"

"मीच. म्हणजे मी लिहिलं, वरच्यांनी सही केली. बस. पाणी पितेस?" त्यांनी फाईल काढली. "हे बघ. प्रत्येक नव्या अर्जदाराला आपण विचारतो, जाहिरात कुठं पाहिली? रेडिओ : चार. वर्तमानपत्र : नऊ. मोठा चौक : तीनशे बारा. हे तुझे गं सगळे."

"बरं."

"आता नियम काय आहे? अकादमीच्या हजेरीपटावर एकदा नंबर चढला की तो चेहरा जाहिरातीत चालत नाही. शत्रूला ओळख पटते म्हणे. म्हणजे तू रुजू झालीस की फलक उतरवायचा. आणि एका कॅडेटसाठी तीनशे कॅडेट कोण घालवेल? म्हणून मी शेरा मारला," त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणून वाचलं, "'सदर उमेदवार भावी असतानाच अधिक उपयुक्त.'"

कॅप्टनने तो शेरा दोनदा वाचला. अक्षर सुंदर होतं.

"दुसऱ्या कुणाचा फोटो काढा ना."

"फोटोला मंजुरी लागते. मंजुरीला वर्ष. तोवर तू आहेसच."

"नाही मी. ही यादी तीस तारखेला बंद होते. पुढच्या बॅचपर्यंत माझं वय उलटतं. या वेळी गेले नाही तर कधीच नाही."

प्रेरणासाहेबांनी बोटांवर महिने मोजले. हिशेब बरोबर आला तसे ते खरोखर दिलगीर झाले. "अरेरे. मग तू कायमची भावी. तसा मानही मोठा आहे म्हणा." मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "आणि गंमत सांगू? फलकाचा करार दोन महिन्यांपूर्वीच संपलाय. तरी उभा! भाडं नाही, काही नाही. देवाची कृपा, दुसरं काय?"

ही कृपा करणारा देव चौकात कुठल्या खांबावर चढतो, हे कॅप्टनला ठाऊक होतं. तिने प्रेरणेला आठ गुण दिले आणि घरी आली.

बाबा दारात दोराच्या गाठी सोडवत बसले होते.

"बाबा, चौकातला करार संपलाय?"

"कोण म्हणालं?"

"संपलाय ना?"

बाबांनी गाठ दातात धरली. माणसाला बोलायचं नसलं की तोंडात काहीतरी हवं असतं. आई मशीनवरून म्हणाली, "सांगा आता. मला तर दोन महिने झोप नाही."

"तुला झोप नाही? तू तर घोरतेस," बाबा दोर तोंडातून काढून म्हणाले आणि फसले. मग सगळं बाहेर आलं. नवी जाहिरात गाद्यांच्या कंपनीची होती. रीतीप्रमाणे गादीचा फ्लेक्स मुलीच्या तोंडावर बांधायचा. बाबा वर चढले, वरचा दोर ओवला, आणि हात चालेना. मग त्यांनी सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मुलीचा फ्लेक्स सोडला, गादी बांधली, होर्डिंगच्या मालकाला पाठवायला गादीचा फोटो काढला आणि गादीच्या वरून पुन्हा मुलगी बांधली. कंपनी परगावची. मालक कंपनीचे पैसे आले की वर बघत नसे.

"तुझ्या तोंडावर गादी बांधायची म्हणजे..." बाबा म्हणाले. "उशी दाबल्यासारखं वाटलं गं."

"बाबा, त्या फलकामुळे मला बोलावत नाहीयेत." तिने शेरा शब्दन् शब्द सांगितला. आवाज चढला नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

बाबांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मीच तुला टांगून ठेवलं म्हण."

"हो."

"चिडलीस?"

तिने आत डोकावून पाहिलं. चिडायला हवं होतं, जागाही मोकळी होती, पण कुणी आलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "उद्या उतरवू या."

आई म्हणाली, "चिड की गं थोडी. हे असं शहाण्यासारखं बोलतेस ना, त्याचीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत तिघं चौकात पोचली. जोडीदाराने खाली दोर धरला. बाबा एका खांबावर चढले, कॅप्टन दुसऱ्या. आठ किलोमीटर पळणारी मुलगी, सरसर वर गेली. वरच्या आडव्या पट्टीवर पोटावर पडून ती मधल्या गाठींपर्यंत आली तेव्हा तिच्याखाली तिचंच कपाळ होतं. एवढ्या जवळून ते कपाळ नव्हतंच. नुसते करड्या आणि तपकिरी रंगांचे ठिपके होते.

"सोड," बाबा पलीकडून म्हणाले. "मला जमायचं नाही. तू सोड."

बाबांची गाठ सुटता सुटेना. करार संपलेल्या फलकाला मारावी तशी गाठ नव्हती ती. सोडवताना काथ्याने बोट सोललं गेलं आणि चरचरलं. बऱ्याच महिन्यांत तिला स्पष्ट जाणवलेली ती पहिली गोष्ट. ती क्षणभर थांबून बोटाकडे बघत राहिली.

"काय झालं गं?" खालून जोडीदार ओरडला. "भीती वाटते का? खाली बघू नकोस! मी कधीच बघत नाही!"

"तू खालीच असतोस रे!" बाबा ओरडले.

शेवटची गाठ सुटली. चेहरा आधी कपाळातून मुडपला, मग निर्धार घडी घडी होत खाली गेला आणि जोडीदाराच्या अंगावर पडला. मागून गादी निघाली. एक बाई गालाखाली हात घेऊन गाढ झोपली होती. खाली लिहिलं होतं : 'आता निवांत पडा.' सिग्नलला पहिली बस थांबली. ड्रायव्हरने वर पाहिलं, जांभई दिली आणि हिरवा दिवा लागला तरी जरा वेळाने निघाला.

नवव्या दिवशी प्रेरणासाहेबांचा फोन आला. "अगं, घात झाला. फलक गेला! या आठवड्यात मोठा चौक फक्त दोन. त्यातला एक गादीची चौकशी करत होता."

"मग आता?"

"आता तुला भावी ठेवण्यात काय अर्थ? जागा अडते नुसती. पत्र टाईप करतोय. शेवटचं पत्रक भरायला ये."

ती गेली. 'छातीत काय होते?' यापुढे तिने पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं. बोटाची खपली अजून निघाली नव्हती.

"साहेब, खरं सांगू? मला काहीच वाटत नाही. आनंदही नाही. सहा-सात महिने झाले. असं चालतं का?"

प्रेरणासाहेबांनी यंत्राची वाफ बंद केली. पहिल्यांदाच ते मफलर सोडून बोलले. "पण पळतेस ना रोज?"

"रोज."

"का?"

तिने विचार केला. "न पळून काय करायचं ते सुचलं नाही. आणि जायचंय मला. वाटत नाही, पण जायचंय."

"मग झालं की. मला या खुर्चीत बसून एकोणीस वर्षं झाली. ज्यांनी छातीवर हात मारून दहा लिहिले ना, त्यांतले निम्मे दुसऱ्या आठवड्यात आजी आजारी म्हणून परत आले. एका पोराच्या तर चार आज्या." त्यांनी पत्रक आपल्याकडे ओढलं. "आठ लिहितो. दहा लिहिलं की वरून चौकशी येते."

'छातीत काय होते?' यापुढे त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'फुफ्फुसे ठीक.' आणि शिक्का मारला.

एकोणतीस तारखेला सकाळी तिची पत्र्याची पेटी दाराशी होती. स्टेशनला न्यायला बाबांनी स्कूटरवरचे बत्तीस दात काढून ठेवले होते आणि इंजिन उगाचच चालू ठेवलं होतं. इस्त्रीवाला इस्त्री निखाऱ्यांसकट हातात घेऊन निरोप द्यायला आला. "कॅप्टन, विसरू नका आम्हाला," म्हणाला. शेजारपाजारचे दारात उभे राहिले. कुणीतरी आता दोन शब्द बोलावेत अशी ती वेळ होती आणि सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबांनी घसा खाकरला, आभाळाकडे पाहिलं, मग दोराचं एक टोक खिशातून काढून तोंडात धरलं.

कॅप्टन आईच्या पायाशी वाकली. आईने तिला उठवलं, कॉलर नीट केली, सोललेलं बोट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत पाहिलं. कॅप्टनला वाटलं, आता आई काहीतरी म्हणेल आणि कदाचित आत काहीतरी हलेल. ती वाट पाहत राहिली.

"अगं," आई म्हणाली, "गाडीला अजून वेळ आहे ना? मग तेवढं गच्चीवर जाऊन तुझा तो फ्लेक्स टाकीवर बांधून जा. यांचा गुडघा दुखतोय. आणि डोळा वरच्या अंगाला येऊ दे, म्हणजे कावळे बसायचे नाहीत."