चवथीनंतर जिवंत राहिलेली माशी

मित्रांनो, मी एक म्हातारी फळमाशी आहे. पिकलेल्या केळ्यांवरून तुम्ही जिला हाताने हाकलता, तीच. माझे पंख फाटले आहेत आणि थोड्याच वेळात मला साबणाच्या पाण्यात ओततील. तोवर माझे ऐका.

माझा जन्म डिचोलीच्या एका कॉलेजात, काचेच्या नळीत झाला. मक्याचे पीठ आणि गूळ शिजवून केलेल्या लापशीत मी अळी होऊन वाढले. पंख फुटल्यावर गौरवी नावाच्या विद्यार्थिनीने आम्हा बहिणींना दोन नळ्यांत वाटून ठेवले. माझ्या नळीत साधी लापशी. शेजारच्या नळीत तीच लापशी, पण तारुण्य टिकवणारी म्हणून विकली जाणारी एक पूड घातलेली. पूड गौरवीच्या बाबांच्या डब्यातली होती. खाणीवर ट्रक चालवून थकलेले गोकुळदास ती रोज घेत. त्या पुडीने अपाय होतो का, हे आमच्या मरणावरून ठरणार होते.

आमचे काम सोपे होते. गौरवी नळी टेबलावर आपटायची. आम्ही तळाशी कोसळायचो आणि पुन्हा वर चढायचो. जी चढली नाही ती म्हातारी. शेजारच्या बहिणी सरसर चढत. एकदा गोकुळदास लेकीला न्यायला आले आणि त्यांनी स्वतःच ती नळी आपटली. एकीचा पाय तुटला.

"चढ गो, चढ! बघितलंस? माझी पूड ती!" ते हसले. "आणि ह्या दुसऱ्या बघ, तुझ्या काकासारख्या आळशी." मग त्यांनी हात पुढे धरला. "माझाही हात आता थरथरत नाही."

त्यानंतर आमच्या नळीकडे कोणी कौतुकाने पाहिले नाही.

गणपतीची चवथ आली. चवथीला गोव्यात जो तो आपल्या मूळ घरी जातो. गौरवी कोरगावला गेली, तिचे प्रज्योत सर कारापूरला गेले, शिपाईही गेला. दोन्ही नळ्यांतली लापशी बदलायला कोणी उरले नाही. ती आंबली, चिकट झाली. आम्ही काचेला धरून राहिलो. शेजारी मात्र एकेक बहीण पाठीवर पडली, पाय हलवत राहिली, मग थांबली. गौरवी परतली तेव्हा त्या नळीत एकही जिवंत नव्हती. आम्ही बहुतेक जणी होतो.

"खाणं बदललं नाही, म्हणून मेल्या," सर म्हणाले. "प्रयोग बिघडला. दोन्ही नळ्या रिकाम्या कर."

"पण सर, ह्यांचंही बदललं नव्हतं. ह्या जगल्या."

"चवथीत इथे कोणी फिरकलं नाही, असं मी वर कळवू? रिकाम्या कर म्हटलं ना!"

गोकुळदास दारातच उभे होते.

"बाबा, ती पूड बंद करा. तुमच्या पाया पडते."

"कित्याक गो, कशाला बंद? सर काय म्हणाले, ऐकलं मी. उपाशी मेल्या त्या. मी खंय उपाशी? पोटभर पातोळ्या खाल्ल्या चवथीत!"

आता माझ्या नळीच्या तोंडावरचा कापसाचा बोळा निघाला आहे. मित्रांनो, आम्हाला मारू नका असे मी म्हणत नाही. कोणाचा जीव वाचत असेल तर जरूर मारा. पण मेलेल्यांकडे बघताना जगलेल्यांकडेही बघा. त्या का जगल्या, हे विचारल्याशिवाय त्यांना ओतू नका.

दारात गोकुळदासांनी पुडीची चिमूट जिभेवर टाकली. हात जराही थरथरला नाही. गौरवीने ते पाहिले, माझी नळी साबणाच्या पाण्यावर उलटी धरली आणि भांड्याच्या काठावर आपटली. सवयीने मी वर चढू लागले.

तिने पुन्हा आपटली.