सेव्हरिनची खिट्टी

करंगळीएवढी लोखंडी खिट्टी, तेल पिऊन काळी पडलेली – ती रोस्विताच्या चिमटीत होती आणि समोर सेव्हरिनचं डोकं होतं, शिरस्त्राणात पुरतं बुडालेलं. ही खिट्टी बसली की चेहऱ्यावरची झडप मिटलेली राहते. नाही बसली तर घोडा दौडू लागताच उघडते... दोन वर्षांपूर्वी भाल्यांच्या झुंजीच्या ह्याच मैदानात तिच्या भावाची, कोर्बिनियनची उघडली होती तशी.

झडप उघडी दिसली की समोरच्याने भाला वर उचलून नुसतं निघून जायचं, हा रिवाज. त्या दिवशी समोर असलेल्या सेव्हरिनने तो उचलला नाही. "मला दिसलंच नाही गं," तो इस्पितळात म्हणाला होता, आणि तिला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं होतं. भाल्याची ढलपी कोर्बिनियनचा डावा डोळा घेऊन गेली. अजूनही तो कॉफीत दूध ओतताना कपाच्या बाहेर ओततो, आणि मग हसतो. ते हसूच तिला सहन होत नाही.

आज सकाळी सेव्हरिन तंबूत आला, त्याला नेहमी चिलखत चढवणाऱ्या येर्गशिवाय. "येर्ग तापाने फणफणलाय. चिलखत तूच चढव." ती लगेच हो म्हणाली – इतक्या लगेच, की तिची तिलाच लाज वाटली. चिलखतातल्या माणसाला स्वतःची खिट्टी दिसत नाही, हात पोचत नाही. बांधणाऱ्याने दोनदा टपली मारून 'बंद' म्हणायचं, की तो निघाला. एक खोटा शब्द... बस्स.

बाहेर कर्णा वाजला. तंबूच्या फटीतून तिला येर्ग दिसला, कुंपणाला टेकून पावात घातलेलं सॉसेज खात असलेला, टुणटुणीत.

"येर्गला ताप आहे ना?"

शिरस्त्राण आणखी पुढे झुकलं. "तू आटप," सेव्हरिन म्हणाला.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्याने मान झटकून पाहिली नव्हती. शिरस्त्राण चढवताच प्रत्येक जण झटकतो, ते घट्ट बसलंय का बघायला, अगदी सख्ख्या भावाने बांधलं तरी. हा मात्र मान पुढे करून बसला होता. म्हणजे ह्याने ठरवून मलाच बोलावलं... म्हणजे फिटंफाट करायला आलाय हा! दोन वर्षं मी जपलेला सूड हा मला भिकेसारखा वाढणार, आणि मग सुखाने झोपणार?

तिने खिट्टी आत दाबली, तळहाताला वळ उठेपर्यंत. दोनदा टपली मारली. "बंद."

"रोस्विता, तू –"

"बंद म्हटलं ना. ऊठ. इतक्या स्वस्तात नाही सुटायचास."

ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिचा राग जिथल्या तिथे होता, फक्त आता तो कुणालाच द्यायचा नव्हता. घोडे सुटले. टक्कर व्हायच्या क्षणी हनुवटी वर करायची, म्हणजे ढलपी झडपेच्या फटीतून आत शिरत नाही – हे तिला कोर्बिनियननेच शिकवलं होतं, लहानपणी, अंगणात, झाडूचा भाला करून. हे तिने दोन वर्षं आठवू दिलं नव्हतं. भाले खाली आले, सेव्हरिन जवळ जवळ येत गेला... आणि तिची हनुवटी आपोआप वर झाली.

लाकूड फुटल्याचा आवाज तिने ऐकला. दिसलं फक्त आभाळ.