अस्वलाखाली चूल पेटवू नये

या, जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलात की डोळे मिटतात, आणि आज गोष्टच एका झोपलेल्याची आहे, तेव्हा ऐकणाऱ्यांनी तरी जागं राहावं. फार मोठं आख्यान नाही. एक चित्रकार, एक गादीवाले, एक अस्वल आणि एक करारपत्र. देव कुठल्या कागदातून वाट काढून येईल सांगता येत नाही, एवढंच मला त्यातून कळलं. तुम्हाला आणखी काही कळलं तर मलाही सांगा.

चित्रकार म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. कुणाची नोकरी करत नाही. ज्याला चित्र हवं त्याला काढून देते, एक काम संपलं की दुसरं शोधते. हात असा की तिनं किटली काढली तर चटका बसेल म्हणून आपण बोट मागं घ्यावं. पण स्वभाव लोण्याचा. "ताई, एवढं जरासं बदला ना" असं कुणी म्हणायचा अवकाश, हिची मान हललीच. मागच्या खेपेला पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एकानं कावळा मागितला. हिनं काढलेला कावळा असा बेरकी होता की टाक्या त्याच्याच मालकीच्या वाटाव्यात. मग जरासं बदलत बदलत कावळ्याचा हंस झाला, हंसाचं बदक झालं, शेवटी बदकही गेलं आणि नुसता नळ उरला. तो नळ आजही त्या दुकानावर आहे. भावजय त्या रस्त्यानं जात नाही, वळसा घालते.

नवं काम मिळालं ते झोपेतून. दोघं नवराबायको उशी घ्यायला गादीच्या दुकानात गेली होती. माझ्या भावाला झोपेचं वरदान आहे. लहानपणी दात घासता घासता उभ्यानं झोपायचा, तोंडात ब्रश तसाच. गादी कशी आहे बघतो म्हणून आडवा झाला तो गेलाच. ही उठवायला गेली तर त्यानं हुंकार देऊन कूस बदलली. आता लोकांच्या दुकानात नवरा झोपलेला, करणार काय? तिनं पिशवीतली पेन्सिल काढली आणि उशीसोबत मिळालेल्या पुठ्ठ्यावर त्यालाच काढलं, पण अस्वल करून. पोट वर, तोंड उघडं, एक पाय गादीखाली लोंबतोय, आणि चेहऱ्यावर असं समाधान की साऱ्या जगाची कामं उरकूनच हा पडलाय. गादीवाले मागून बघत होते. हसता हसता त्यांना दुसऱ्या गादीवर बसावं लागलं. त्यांचं नवं दुकान उघडायचं होतं. म्हणाले, हेच अस्वल मोठ्या कापडावर काढून द्या, दारात उभं करतो.

आनंद घरी चहा होईपर्यंत टिकला. कारण दुकानातच गादीवाल्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा भाऊ, सल्ला देऊन गेला होता की अस्वलाचे डोळे उघडे हवेत, आणि चष्माही शोभेल. भावजयीनं ओळखलं की हेही आता नळाच्या वाटेनं जाणार. कप खाली ठेवून ती म्हणाली, "कावळ्याच्या वेळी मी गप्प बसले. हा तर माझा नवरा आहे."

तेव्हा ठरलं की या खेपेला आधी करारपत्र, मग रंग. पण दोघांनीही जन्मात करारपत्र लिहिलेलं नाही. भावानं आमच्या मामांना विचारलं. मामांचा उभा जन्म तंबू भाड्यानं देण्यात गेला, आणि देवाखालोखाल त्यांची श्रद्धा करारपत्रावर. त्यांनी आपला मसुदा लगोलग पाठवून दिला आणि बजावलं की तंबूच्या जागी तुमचा माल घाला, बाकी एका अक्षराला हात लावू नका, कारण त्यातल्या एकेका कलमामागं आपला एकेक तंबू फाटलेला आहे.

पहिल्याच पानावर होतं: तंबूला कात्री लावू नये, रंग बदलू नये, ठिगळ जोडू नये, माल भाड्यानं दिला आहे, विकलेला नाही. भावजयीनं ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तिला जे म्हणायचं होतं आणि जिभेवर येत नव्हतं, ते मामांनी तंबूबद्दल म्हणून ठेवलं होतं. ती ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पुढची पानं तिनं नवऱ्यावर सोपवली. आणि इथंच माशी शिंकली.

भावानं संगणकाला एक आज्ञा दिली, की जिथं जिथं तंबू आहे तिथं तिथं अस्वल कर. संगणक आज्ञाधारक. छापलेली पानं तपासायला भाऊ बसला, दुसऱ्या पानावर आला, आणि हनुवटी छातीला लागली. गादीवाल्यांनी गिऱ्हाइकांच्या गर्दीत गल्ल्यावरच सही ठोकली, आणि भावजयीनं मन लावून अस्वल रंगवून पोचतं केलं. शनिवारी दुकान उघडलं, तिथं मात्र ती गेली नाही. मेहुणा भेटेल ही धास्ती.

रविवारी मी त्यांच्याकडे मटार सोलत बसले होते. भावजयीनं करारपत्र फाइलीत लावायला काढलं, सहज दुसरं पान उलटलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग तिनं एकेक कलम मला वाचून दाखवलं. अस्वल उभारण्यासाठी चार कोपऱ्यांना हातभर खोल खड्डे ग्राहकाने स्वतः खणून द्यावेत. वारा सुटल्यास अस्वलखालची माणसे तत्काळ बाहेर काढावीत. अस्वलखाली चूल पेटवू नये. अस्वलला जनावरे बांधू नयेत. कार्यक्रम संपताच दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अस्वल झटकून, उन्हात वाळवून, नीट घडी घालून परत आणून द्यावे.

मी हसून हसून मटारात तोंड लपवलं. माझा भाऊ सोफ्यावर झोपला होता, तो अस्वलागत गुरगुरला. भावजय मात्र रडकुंडीला आली होती. तिला वाटलं, आता मेहुणा हा कागद गावभर वाचून दाखवणार, आणि अशा कागदाच्या जोरावर आपण कुठल्या तोंडानं म्हणणार की चित्राला हात लावू नका? तिनं मनाशी ठरवूनच टाकलं, की गादीवाले आले तर माफी मागायची, कागद फाडायचा, आणि डोळे उघडा म्हणाले तर उघडून द्यायचे. मी पुष्कळ सांगितलं की बाई, थोडा धीर धर. पण लोणी एकदा वितळायला लागलं की वितळतंच.

तेवढ्यात बेल वाजली. दारात गादीवाले, एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या काखेत भलंमोठं गाठोडं.

ते आत आले, वाकताना कण्हले, आणि गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं. आत अस्वल होतं. झटकलेलं, वाळवलेलं, आणि अशी घडी घातलेली की वरती नेमकं तोंड यावं. उशीर झाला नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं.

मग पाणी पिऊन त्यांनी सगळी हकिगत सांगितली. सही केल्यावर त्यांनी घरी कागद वाचला. अटी अवघड वाटल्या, पण चित्रकारांच्या जगात अशीच रीत असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आणि सही केली म्हणजे केली. कापड दोऱ्यांनी दरवाज्याला बांधलेलं असूनही अंगणात चार खड्डे त्यांनी स्वतः खणले. नोकर धावला तर त्याला मागं सारलं, कारण कागदात स्वतः असं लिहिलं होतं. चहाच्या टपरीवाल्याला हात जोडून त्याची शेगडी पलीकडं न्यायला लावली. दुपारी वाऱ्याची झुळूक आली, तेव्हा दारातल्या पाहुण्यांना त्यांनी रस्त्यापलीकडं नेऊन उभं केलं, आणि पान हलायचं थांबेपर्यंत कुणाला आत सोडलं नाही. कुणीतरी कुत्रा अस्वलाजवळ बांधला होता, तोही सोडला. नवं दुकान पाहायला आलेल्यांनी दिवसभर गादीवाल्यांनाच पाहिलं.

भावजय ऐकत होती, आणि तिची मान खाली खाली जात होती. शेवटी तिनं सांगून टाकलं की हे करारपत्र अस्वलाचं नाहीच, तंबूचं आहे. मामा, संगणक, नवऱ्याची डुलकी, सगळं सांगितलं. खड्ड्यांबद्दल माफी मागितली. कागद फाडायला हातातसुद्धा घेतला.

गादीवाल्यांनी तो कागद वरच्यावर धरला. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांचा चेहरा पडला तो वेगळ्याच काळजीनं. त्यांनी विचारलं, "म्हणजे ताई, कात्री लावायची नाही, रंग बदलायचा नाही, हेही तुम्ही लिहिलेलं नव्हतं?"

भावजयीनं टेबलाकडं पाहिलं. घडीवरचं ते तोंड, सोफ्यावरचं हे तोंड. आणि काय सांगू, त्या लोण्यातून आवाज आला.

"लिहिलं मामांनी. पण म्हणणं माझं आहे."

गादीवाल्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, "मग तेवढं राहू द्या, तुमच्या पाया पडतो. मेहुण्याला नाही म्हणायला मला घरात तोंड नाही. कागद होता म्हणून निभावलं."

मेहुणा चष्म्यावरून मुकुटावर आला होता म्हणे, आणि मुकुटावरून सिंहावर. प्रत्येक वेळी गादीवाले पहिलं पान पुढं करत आणि म्हणत, काय करू बाबा, बांधला गेलोय. मनातून त्यांनाही झोपलेलंच हवं होतं. त्या अस्वलाकडं बघितलं की आलेलं माणूस आपोआप आडवं व्हायचं.

मग टेबलावरचा पसारा सारून दोघांनी नवीन करारपत्र लिहायला घेतलं. पहिलं पान जसंच्या तसं. खड्डे खोडले, चूल खोडली, वारा खोडला. एका कलमावर मात्र गादीवाले अडून बसले. वाळवून परत आणायचं राहू द्या, म्हणाले, महिन्यातून एकदा. त्यानिमित्तानं दुकानातून बाहेर पडता येतं. तेव्हा दर महिन्याला एका रविवारी अस्वल गॅलरीत उन्हाला लागतं, गादीवाले चहा पितात, आणि कलमं एकदा मोठ्यानं वाचली जातात. माझा भाऊ त्या वाचनाला कधी पहिल्या पानापुढं जागा राहिलेला नाही.

मामांना आम्ही हे सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कुत्रा सोडला ना, एवढंच त्यांनी विचारलं.

आता उठायच्या आधी माझं एक मागणं ऐका. देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांसोबत त्या गादीवाल्यांचीही आठवण ठेवा. दिलेल्या शब्दाखातर त्यांनी अस्वलासाठी खड्डे खणले, आणि त्यांची कंबर अजून पुरती बरी झालेली नाही.