हात वर कर

योगिताची उजव्या हाताची दोन बोटं शेंड्याला काळी पडली, तोवर आष्टीच्या दोन डॉक्टरांची औषधं घेऊन झाली होती. एकानं नस आखडली म्हटलं, दुसऱ्यानं अंगात रक्त कमी. सासूनं दंडाला म्हसोबाचा काळा दोराही बांधला. आधी नुसतं शेळ्यांना पाला पाडतानाच व्हायचं. हात वर गेला की पांढराफटक पडायचा, पाला ओढायची बांबूची आकडी हातातून सुटायची. आता दुखणं थांबतच नव्हतं.

नवरा आदिनाथ मेंढरं घेऊन लांब चाऱ्याला गेलेला. म्हणून प्रत्येक दवाखान्यात सासरे मुंजाजीच सोबत आत जायचे. आज नगरलाही गेले.

"काय होतं गं?" डॉक्टर मोहिनीनं विचारलं.

"हात गार पडतो. मुंग्या येत्यात," मुंजाजी म्हणाले.

"बाबा, हात कुणाचा दुखतोय?"

"तिचाच की."

डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं. नाडी लागत होती. "हात वर कर. डोक्याच्याही वर."

योगितानं डाव्या हातानं डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि उजवा जेमतेम खांद्यापर्यंत नेला. पदर सरकू लागला तसा हात खाली आला.

"सगळीकडं असंच करती," मुंजाजी म्हणाले. "वर जातच न्हाई. लकवा तर न्हाई ना?"

डॉक्टरांनी एकदा पदराकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मग सांगंल कोण? पोर लई भित्री हाय."

"मामा," योगिता खाली बघत म्हणाली, "जा ना."

मुंजाजी पडद्याबाहेर उभे राहिले. आतलं ऐकू येत होतं.

"रानात पदराचं काय करतेस?"

"कंबरंला खोचते. शेळ्यांचा कसला मान ठेवायचा?"

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, "वर. अजून. मान वळव." मनगटावरचं बोट न हलवता पुढे म्हणाल्या, "खाली घे. आता पुन्हा वर."

फोटो, सोनोग्राफी झाल्यावर त्यांनी मुंजाजींना बोलावलं. "मानेपाशी एक जादा बरगडी आहे. जन्मापासूनची. हात वर गेला की तिथं रक्तवाहिनी चेपते, नाडी बंद पडते. तिथल्याच रक्ताच्या गुठळ्या बोटांत जाऊन अडकल्यात."

"आधी कुनाला कसं कळलं न्हाई?"

"हात पुरता वर करून बघायला हवा होता."

मुंजाजींच्या मनात त्या वेळी काय आलं, हे लिहायचं धाडस होत नाही. ते सुनेच्या डोक्यावरल्या पदराकडे बघत राहिले, एवढं खरं.

"बोटं?"

"सांगता येत नाही. हात वाचवायचा तर आत्ताच पुण्याला हलवा."

ॲम्ब्युलन्समध्ये मागे योगिता आणि नर्स; ते ड्रायव्हरशेजारी बसले, तोंड रस्त्याकडे करून. "योगिता, पदराचं राहू दे. नर्सबाई सांगतील तसं कर."

नगर मागे पडलं. मग ती एकदम ओरडली, "मामा, आता सगळाच हात गार पडला!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. पदर खांद्यावर पडला होता आणि नर्स मनगटावर नाडी शोधत होती.

"दाब की रं गाडी!" मुंजाजी ड्रायव्हरवर ओरडले. "दाब!"