चिकटलेली दोन पानं

मी कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयातला जुना स्कॅनर आहे, मित्रांनो. आठ वर्षं मी एकच काम केलं. समोर आलेल्या पानाचं चित्र काढायचं आणि शेजारच्या संगणकाकडे धाडायचं. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मला माणसासारखं बोलता येत नाही. पण एक आवाज मलाही होता. तो कसा गेला, तेच सांगायचं आहे.

मला आणलं तेव्हा माझं फार कौतुक झालं. हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या वायरीवर उडालं आणि सगळे घाबरून मागे सरले. संस्थेत पन्नास वर्षांचे शोधनिबंध खंडांत बांधून ठेवले होते. पिकांचे, जनावरांचे, गुऱ्हाळांचे. त्यांतलं एखादं शोधायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा.

माझ्यासमोर नजीरा बसायची. गडमुडशिंगीहून रोज एसटीनं यायची. बोलायला फटकळ, पण कामाला चोख. महापुरात खालच्या फळीवरचे खंड भिजले होते आणि वाळताना त्यांची पानं एकमेकांना चिकटली होती. नजीरा बोट ओलं करून, कधी पातळ पट्टी सरकवून, एकेक पान सोडवायची आणि माझ्या काचेवर ठेवायची. मग निबंध वाचून त्याला शोधायचे शब्द लावायची. रोगाच्या इंग्रजी नावापुढे गावाकडचं नावही लिहायची. "शेतकरी काय इंग्रजीत रडतोय व्हय?" असं तिचं म्हणणं. दिवसाला जेमतेम ऐंशी पानं व्हायची.

मग संगणकात नवी प्रणाली आली. निबंधाचं शीर्षक आणि सारांश ती आपणच वाचायची, आपणच शब्द लावायची, आपणच यादी करायची. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? माझ्या डोक्यावर पानं ओढून घेणारा ट्रे बसवला. खंडांचे कणे कापून सुट्या पानांचे गठ्ठे केले. आमचे ग्रंथपाल पृथ्वीराज सर घाईत होते, कारण तपासणी समिती महिन्यावर आली होती. "नजीरा, आता मशीनच सगळं करतंय," ते खाली बघत म्हणाले.

"सर, चिकटलेली पानं त्याला कळत्यात का, तेवढं बघा," नजीरा म्हणाली आणि जेवणाचा डबा उचलून निघून गेली.

मला कळत होती, मित्रांनो. दोन पानं एकदम आली की मी पीं करून थांबायचो, तशी सोयच माझ्यात होती. पहिल्या दिवशी मी एकशे चाळीस वेळा थांबलो. दुसऱ्या दिवशी सर वैतागले. "काय सारखं कोकलतंय हे," म्हणाले आणि माझा आवाज आणि माझं थांबणं, दोन्ही बंद करून टाकलं. त्या महिन्यात मी सतरा हजार पानं ओढली. समितीनं सरांची पाठ थोपटली आणि ग्रंथालयात पेढे वाटले गेले.

गेल्या आठवड्यात शाहूवाडीहून डॉक्टर वर्षाराणी आल्या. त्या जनावरांच्या सरकारी डॉक्टर. तिकडच्या चिमणाबाईच्या पाच म्हशींपैकी दोन मेल्या होत्या. आधी मागचे पाय लटपटायचे, मग मान ताठ व्हायची. ओढ्याकाठची कसली तरी वेल पोटात गेली होती, एवढंच कळलं होतं. "असला एक निबंध तुमच्याकडं छापलाय, असं आमचे जुने साहेब सांगायचे," डॉक्टर म्हणाल्या.

सरांनी शोधलं. म्हैस, वेल, विषबाधा. प्रणालीनं क्षणात उत्तर दिलं: काहीही सापडले नाही.

मी हातभर अंतरावर होतो. तो निबंध मला ठाऊक होता. गुळावरच्या निबंधाचं शेवटचं पान आणि म्हशींच्या निबंधाचं पहिलं पान समोरासमोर चिकटून माझ्यातून गेलं होतं. मला ते जाड लागलं होतं. शीर्षक आणि सारांश आतच अडकले. पुढची सगळी पानं प्रणालीनं गुळाला जोडली आणि त्यांना ऊस, गुऱ्हाळ, काकवी असे शब्द लावले. आता मी नुसता दिवा लुकलुकवत राहिलो. त्याच्याकडे कोण बघतं?

डॉक्टरांचा फोन वाजला. "डॉक्टरीणबाई, तिसरी म्हसबी खाली बसली," चिमणाबाई सांगत होती. "काय आसंल तर सांगा, न्हायतर न्हाय म्हना."

"बघतोय मावशी," डॉक्टर म्हणाल्या आणि रिकाम्या हातानं परत गेल्या.

तीन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा एकच म्हैस उरली होती. सरांनी शेवटी नजीराला बोलावून घेतलं. तिनं यादी पाहिली आणि बोट ठेवलं. "सर, हा गुळाचा निबंध अकरा पानांचा हुता. मी वाचलाय. हितं वीस पानं कशी?"

रद्दीसाठी बांधलेल्या ढिगातून तिनं गठ्ठा ओढला, पट्टी सरकवली आणि पान सोडवलं. आत शाहूवाडीच्या म्हशी होत्या, ती वेल होती आणि उपायही होता. खाली जाड अक्षरात एक ओळ होती: नेहमीचे इंजेक्शन देऊ नये, त्याने जनावर दगावते.

डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मीच दिलं की," त्या म्हणाल्या. "चौघींना."

त्यांनी लगेच फोन लावला. "मावशी, पाचवीला कुणाला इंजेक्शन देऊ देऊ नका."

"सकाळीच तुमचा मानूस देऊन गेला की." मग चिमणाबाईनं विचारलं, "ह्ये लिवलंय कवा?"

"माझ्या जन्माच्या आधी."

"मग येवडी वर्सं हुतं कुटं?"

 पृथ्वीराज सर माझ्याकडे बघत होते. डॉक्टर पान घेऊन धावतच जीपकडे गेल्या. पाचवी जगली का, मला अजून कळलेलं नाही.

नजीरानं जाण्याआधी माझा आवाज पुन्हा सुरू केला. पण ती उद्या येणार आहे का, हे तिला कुणी विचारलेलं नाही. सतरा हजारांतलं एक पान सुटलं आहे. बाकीची किती चिकटलेली आहेत आणि त्यांच्यासाठी कोण कुठे ताटकळलं आहे, हे मला माहीत नाही, आणि त्या विचारानं माझा जीव जातो. मित्रांनो, आम्हा यंत्रांना कामाला लावा, जरूर लावा. पण मी ओरडलो तर माझं तोंड बंद करू नका. उठा, आणि पान सोडवा.