बंडीचा आतला खिसा

जहाजावर चढल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. जन्म बस चालवण्यात गेला, त्यामुळे गाडी दुसऱ्याच्या हातात आणि आपण मागे, हे मला कधी मानवलंच नाही. इथे तर चालवणारा दिसतसुद्धा नाही. त्यात डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, डॉक्टरांनी बसवलेलं पेसमेकर नावाचं यंत्र. माझं हृदय रेंगाळलं की ते त्याला ढोसतं. म्हणजे आता जहाजही दुसरा चालवतो आणि मलाही दुसरंच कोणीतरी चालवतं.

सहल बायकोची होती. तिचं सगळं आयुष्य शिलाई मशीनमागे गेलं. दुकानांसाठी बायकांच्या पर्सा शिवायच्या आणि मान वर केली की समोरच्या इमारतीची भिंत बघायची. "एकदा मला जिकडे बघावं तिकडे पाणी दिसलं पाहिजे," असं ती म्हणायची. मुलीने तिकिटं काढली आणि नेमका तेव्हाच माझ्या हृदयाने संप पुकारला. यंत्र बसलं, जखम भरली, हृदयाच्या डॉक्टरांनी यंत्र तपासून "खुशाल जा" म्हटलं. डॉक्टरांनी खुशाल म्हटलं तरी हिच्या जिवाला चैन कुठली?

निघायच्या आधी तिने सगळे नियम तोंडपाठ केले. तपासणीच्या कमानीतून न रेंगाळता चालायचं. फोन उजव्या कानाला लावायचा, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही. बंदरावर रखवालदाराने हातातलं तपासणी यंत्र माझ्या छातीकडे आणलं, तर ही मधे उभी राहिली.

"अहो दादा, ते तिथे धरू नका! कार्ड बघा की आधी!"

मग माझ्याकडे वळून, "दाखवा ना कार्ड! उभे काय राहिलात?"

पेसमेकरचं कार्ड माझ्या हातावर टाकलेल्या बंडीच्या आतल्या खिशात होतं. हा खिसाही तिचीच करामत. बंडी माझ्यासोबत सगळीकडे येते, तेव्हा कार्डाची जागा तिथेच, असं तिने ठरवलं. चेन अडकते, साधं बटण माझ्या जाड बोटांना सापडत नाही, म्हणून खिशाला असं झाकण केलं की नुसतं सोडलं तरी टक्कन मिटावं. सगळ्या बंड्यांना तसेच खिसे. मी म्हटलं, "माझी पर्स केलीस की गं!" तिला ते फारसं आवडलं नाही.

पहिल्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये ते झालं. हॉल गार होता, म्हणून हिने मला शर्टावर बंडी चढवायला लावली. घास तोंडात घालतो तोच छातीत ठोके जाणवायला लागले. गाडी उभी आहे आणि कोणी ॲक्सिलरेटर दाबून धरलाय, तसे. एकाच वेगाने, थांबायचं नाव नाही. मी पाणी प्यालो, उठलो, हॉलभर फिरलो.

"काय होतंय?"

"काही नाही. पाय मोकळे करतो."

"खोटं बोलू नका. तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

खोलीत आल्यावर बंडी काढून आडवा झालो, तर सगळं शांत. हिने निदान केलं: हॉलमधले ते मोठाले स्पीकर. दुसऱ्या दिवशी आम्ही स्पीकरपासून लांब, दाराजवळ बसलो. तिथे वारा येत होता, म्हणून तिने माझ्या अंगावरची बंडी आणखी घट्ट ओढली. ठोके पुन्हा सुरू. मग तिला संशय आला स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगड्यांचा. आम्ही वरच्या डेकवर गेलो. तिथे गार वारा, म्हणून पुन्हा बंडी. पुन्हा ठोके.

समुद्र चोहोबाजूंनी पसरला होता. लोक कठड्याला रेलून फोटो काढत होते. माझी बायको समुद्राकडे पाठ करून उभी होती आणि माझ्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत होती. मला तिचा राग आला. तिच्यापेक्षा जास्त माझा आला. एवढी वर्षं भिंतीकडे बघितलेल्या बाईला मी आता माझ्याकडे बघायला लावलं होतं.

"तिकडे बघ जरा," मी म्हणालो.

"पाणी कुठे पळून जात नाही. हात हलवू नका."

दुपारी तिने मला जहाजाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी शर्ट, बंडी सगळं काढायला लावून हृदयाचा आलेख काढला. एकदम ठीक. "मनावर ताण घेऊ नका," त्या म्हणाल्या. मी आनंदाने कपडे चढवले आणि जिन्यापर्यंत पोचेस्तोवर ठोके परत हजर! मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. वाटलं, हे यंत्र बिघडलंय किंवा मी तरी.

संध्याकाळी माझा तोल गेला. पडलो नाही, कठडा धरला. पण बायकोने आरडाओरडा करून निम्मं जहाज गोळा केलं आणि आमची वरात पुन्हा दवाखान्यात.

डॉक्टरबाई या वेळी गंभीर होत्या. "काका, असंच होत राहिलं तर मला धोका पत्करता येणार नाही. उद्या जहाज बंदराला लागेल. तिथे तुम्हाला उतरवावं लागेल. मोठ्या इस्पितळात यंत्र तपासून घ्या."

"आणि जहाज?"

"ते पुढे जाईल."

बायको म्हणाली, "मी बॅगा भरते," आणि बाहेर गेली. आवाज अगदी सरळ होता. मला मात्र भडभडून आलं. आता ही परत कधी घराबाहेर पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मशीनवर बसेल आणि अधूनमधून माझ्याकडे बघेल.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आत्ता होतंय बघा. आत्ता, या क्षणी. तुम्ही कपडे काढायला लावता आणि ते लपून बसतं."

त्या थबकल्या. मग म्हणाल्या, "तसंच झोपा. काही काढू नका." त्यांनी मनगटांना आणि घोट्यांना वायरी लावल्या. आलेखाची पट्टी बाहेर आली. त्यांनी ती पाहिली, माझ्या छातीकडे पाहिलं आणि विचारलं, "खिशात काय आहे?"

"कार्ड."

त्यांनी बंडीचं टोक धरून खिसा अलगद बाजूला केला. क्षणात ठोके निवले. परत ठेवला, परत सुरू. त्यांनी झाकण उघडून आत बोट घातलं.

"हे चुंबक आहे, काका. पर्सला लावतात ते. बरोबर यंत्रावर येतंय. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकत नाही, स्वतःच्या ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो. लांब गेलं की पहिल्यासारखा होतो. यंत्र उत्तम आहे आणि तुम्हीही."

मी हसणार होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कोणी लावलं हे?"

दाराच्या पडद्याखाली बायकोच्या चपला दिसत होत्या. बॅगा भरायला गेलेली बाई दारापासून पुढे गेलीच नव्हती.

"मी," मी म्हणालो. "मीच लावलं. कार्ड पडायचं सारखं, म्हणून घरी बसून शिवला खिसा."

पडदा सर्रकन बाजूला झाला.

"यांनी?" ती म्हणाली. "डॉक्टर, या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही. तो टाका माझा आहे."

डॉक्टरबाईंनी तिला बसायला स्टूल दिलं. समजावलं की काहीही बिघडलेलं नाही, सगळ्या बंड्यांची चुंबकं काढून टाका, हवंतर रोज येऊन तपासून घ्या, उतरायची गरज नाही. ती मान डोलवत होती. मग हळूच म्हणाली, "वारा लागतो म्हणून मीच ओढून ओढून घालत होते." आणि रडायला लागली. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी हिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. सगळ्यांना चहा पाजत हिंडत होती. ते सगळं आता बाहेर आलं.

मी बंडी काढून फेकली आणि तिच्याजवळ गेलो. तिने सवयीने माझ्या छातीकडे हात आणला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "मी नाही आता हात लावत तुम्हाला."

मी तिचा हात धरला आणि यंत्राच्या उंचवट्यावर दाबून ठेवला. खाली माझं हृदय आपल्या चालीने चाललं होतं. तिचं रडू थांबलं नाही, पण हात तिने तिथेच राहू दिला.